दूध तापेपर्यंत

गोळीबाई दिवसभर औषधांच्या दुकानात गोळ्या द्यायच्या आणि संध्याकाळी दुकान नवऱ्यावर सोपवून समोरच्या मैदानावर मुलींना हॉकी शिकवायच्या. दोन्हीकडे भाषा एकच. "सकाळी उठल्या उठल्या एकदा. फार विचार करायचा नाही, घ्यायचं आणि मोकळं व्हायचं," असं त्या सांगायला लागल्या, की ऐकणाऱ्याला क्षणभर कळायचं नाही, हे खोकल्याबद्दल चाललंय की चेंडू अडवण्याबद्दल. 'गोळीबाई' हे नाव अर्थातच मुलींनी पाठीमागे ठेवलेलं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते आपल्याला ठाऊक नाही असं त्या इतक्या छान दाखवायच्या, की मुलींना त्या आणखीच आवडायच्या.

त्यांचं म्हणणं असं, की सुट्टीच्या दिवशी उन्हात तासन्तास धावून माणूस सुधारत नाही, नुसता दमतो. सुधारतो तो रोजच्या चिमूटभराने. म्हणून प्रत्येकीला एकच औषध. तेही रोजच्या कुठल्यातरी कामाला बांधून दिलेलं, म्हणजे विसरायची सोय नाही. आणि इतकं लहान, की 'आज वेळच मिळाला नाही' असं सांगताना सांगणारीलाच हसू यावं.

गोल राखणाऱ्या मुलीचं नाव कुलूप. तिच्या बाजूने चेंडू आत जायचा नाही म्हणून कुलूप; तोंड मात्र सदा उघडं. तिने दात घासताना एका हाताने ब्रश चालवायचा आणि दुसऱ्या हाताने भिंतीवर चेंडू मारून झेलायचा. तिच्या न्हाणीघराची भिंत टूथपेस्टने रंगून निघाली होती. पण आता तिच्या डाव्या हाताच्या तावडीतून माशीसुद्धा सुटत नव्हती. दुसरी दोरी. उंच, सडपातळ, पुढच्या फळीत खेळणारी. तिने बुटांच्या नाड्या बांधायच्या त्या एका पायावर उभं राहून. भिंतीला हात लावायचा नाही. पहिल्यांदा तिच्या आजोबांनी तिला दारात तशी उभी पाहिली आणि घाबरून हाक मारली, "अगं बघा गं कुणीतरी, पोरीने कसलासा नवस बोललाय!"

आणि तिसरी आपली भिंगरी. सरावात उजव्या कडेने धावणारी.

तिचं औषध असं: सकाळी दूध गॅसवर ठेवलं, की काठी घ्यायची. दूध तापेपर्यंत चेंडू स्वयंपाकघरातून पुढच्या दारापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. कशालाही लागता कामा नये. दूध वर आलं की काठी खाली.

"आणि उतू गेलं तर?" भिंगरीने विचारलं होतं.

"तर औषध जास्त झालं," गोळीबाई म्हणाल्या. "ओटा पुसायचा."

भिंगरी हसली, पण तिचा जीव त्या औषधात अडकलेला होता. कारण त्यांच्या संघात बाकाचा एक नियम होता. सलग दोन मोसम जी मुलगी बाकावर बसून काढेल, तिने आपली जागा धाकट्या मुलींसाठी मोकळी करायची. नियम कडू होता, पण त्यात अन्याय नव्हता. धाकट्या मुलींची रांग कुंपणाबाहेरपर्यंत गेलेली. भिंगरीचा हा दुसरा मोसम. पहिला तिने पाण्याच्या बाटल्या भरण्यात आणि "मारा! मारा!" ओरडण्यात घालवला होता. यंदा अकरा जणींत नाव आलं नाही, तर हॉकी संपली. 'पुढच्या वर्षी बघू' असं म्हणायलाही कुणी उरणार नव्हतं.

म्हणून ती औषधाला चुकत नव्हती. एकदा तापाने फणफणली होती, तेवढी एक सकाळ सुटली. तेव्हा अंथरुणात पडून ती मुसमुसून रडली. आत्याने कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि तिच्या त्या कापसासारख्या आवाजात म्हणाली, "रडतेस काय बाळ? देव काय हजेरी घेतो? नेम आपला आपण धरायचा असतो. सुटला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायचा. उगाच दुप्पट करून फेड करायला जाऊ नये. त्याने नेमाचा हिशोब होतो."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वाचनालयात काम करायची. तिथे आवाज वाढवायची मुभा नव्हती, आणि घरात तशी गरज तिला कधी पडली नव्हती. रोज पहाटे आंघोळ करून ती देवापुढे दिवा लावायची, मग तोच दिवा हातात घेऊन घरातल्या प्रत्येक खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्याला दाखवून आणायची. कुणी आजारी असो, पाहुणा असो, भांडण असो, दिवा सगळीकडे जायचा. भांडण चालू असलेल्या खोलीत तर ती जरा जास्तच वेळ थांबायची.

आता घराचा नकाशा सांगायलाच हवा, नाहीतर पुढची फजिती कळणार नाही. स्वयंपाकघरातून निघालं, की उजवीकडून जेवणाच्या टेबलाला वळसा. मग अरुंद बोळ. त्या बोळात आईने एक आडवी दांडी लावलेली. आई लोकांचे कपडे कमी-जास्त करून द्यायची, आणि शिवून झालेले कपडे त्या दांडीला लटकत. तिथे डोकं खाली घालायचं, नाहीतर कुणाच्यातरी लग्नाच्या कोटाची बाही तोंडावर यायची. पुढे डावीकडे आत्याची लोखंडी पेटी. मग उंबरठा, तिथे चेंडू अलगद उचलून पलीकडे टाकायचा. बैठकीच्या खोलीत बाबांचे पाय. बाबा बसचे ड्रायव्हर. पहाटेची फेरी नसली, की ते खुर्चीत बसून, पाय लांबवर ताणून चहा प्यायचे. त्या पायांना वळसा घातला की दार.

सुरुवातीला सगळं लागलं. टेबल, पेटी, बाबांचा घोटा. दूध तर इतकं उतू गेलं, की आई म्हणाली, "गाय ओट्यावरच बांधू या का? तेवढाच फेरा वाचेल." पण हळूहळू चेंडू काठीला चिकटल्यासारखा धावायला लागला. टेबल, कोट, पेटी, उंबरठा, पाय, दार. दार, पाय, उंबरठा, पेटी, कोट, टेबल. पुढे पुढे तर भिंगरी अर्धवट झोपेत, एक डोळा मिटून जायची, आणि बाबा चहाचा कप उंच धरून म्हणायचे, "सुपरफास्ट निघाली! मधे थांबा नाही!"

घरातले सगळे खूश होते. भिंगरी तर तरंगतच होती.

आणि मैदानावर? मैदानावर तिची पार शोभा होत होती.

कुणालाच उमगत नव्हतं असं का होतंय. हात सुरेख चालत होते. चेंडू कसा मांजरीच्या पिल्लासारखा काठीशी खेळत यायचा. पण समोरची कुठलीही मुलगी दोन पावलं टाकून तिच्या वाटेत उभी राहायची आणि चेंडू काढून घ्यायची. धावून नाही, झडप घालून नाही, नुसती आधी जाऊन उभी राहून. शिवाय मधेच भिंगरी काहीतरी चमत्कारिक करायची. भर मैदानात, आजूबाजूला चिटपाखरू नसताना, डोकं खाली घालायची. एकदा तर सपाट गवतावर तिने चेंडू अलगद उचलून हातभर पलीकडे टाकला आणि स्वतःही पाय उंच करून कशावरून तरी गेली.

"काय गं, साप होता का?" धाकट्या मुलींनी कुंपणावरून विचारलं.

"नाही, गोळीबाईंचा पदर लोळत होता," दुसरीने उत्तर दिलं, आणि सगळं कुंपण हसून हसून हलायला लागलं.

गोळीबाईंनी नुसतं कपाळ चोळलं. तेच भिंगरीला जास्त लागलं.

कोडं सोडवलं कुलुपाने, आणि तेही पावाच्या तुकड्यापायी. एका सकाळी ती भिंगरीला बोलवायला आली. आईने तिला स्वयंपाकघरात बसवून लोण्याचा पाव दिला. तेवढ्यात दूध गॅसवर चढलं आणि भिंगरीने काठी उचलली. कुलूप चावता चावता बघत होती. टेबलाला उजवीकडून वळसा. बोळात डोकं खाली. डावीकडे पेटी. उंबरठ्यावरून चेंडू अलगद वर...

कुलुपाचा घास घशातच अडकला. ती उभी राहिली, खोकली, पाणी प्यायली आणि ओरडली, "अगं बाई! अगं तू मैदानावर घर घेऊन येतेस!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! मैदानावर तू हेच करतेस! हा कोट, ही पेटी, हा उंबरठा! आम्हाला सगळ्यांना तुझी वाट पाठ झालीय. आम्हाला तुझं घर माहीत नव्हतं गं, नाहीतर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. आधी उजवीकडे, मग खाली वाकणार, मग डावीकडे. मी तर गोलपाशी उभी राहून मनात म्हणते, आता ही उडी मारणार, आता मारणार, मारलीच!"

भिंगरी काठी धरून उंबरठ्यावर मटकन बसली. मागे दूध खुशाल उतू गेलं.

बाबा हसू दाबायचा फार प्रयत्न करत होते. खांदे गदगदा हलत होते. शेवटी चहा नाकात गेला. "म्हणजे त्या उडीच्या पुढे," ते डोळे पुसत म्हणाले, "तू जो मोठा वळसा घालतेस, तो... तो माझ्या पायांना?"

मग कुणालाच आवरेना. आईने शिवणाच्या मशीनवर डोकं टेकलं. आत्या दिवा घेऊन दारात उभी होती; तिचेही ओठ आत गेले आणि ज्योत फडफडायला लागली. आधी रडवेली झालेली भिंगरी शेवटी स्वतःच खो खो हसत जमिनीवर लोळली. रोज एवढ्या भक्तिभावाने तिने काय कमावलं होतं, तर बाबांच्या पायांना घातलेली प्रदक्षिणा!

हसू ओसरल्यावर मात्र भिंगरी उठून बसली. अकरा जणींची निवड तोंडावर आली होती.

ती तशीच पळत औषधांच्या दुकानात गेली. गोळीबाई कुणा म्हाताऱ्या गृहस्थांना थेंब कसे मोजायचे ते शिकवत होत्या. भिंगरीने धापा टाकत सगळं सांगितलं, उडीसकट. गोळीबाईंनी ऐकून घेतलं. ते गृहस्थही थेंब विसरून ऐकत राहिले.

"वर बघ," गोळीबाई म्हणाल्या.

भिंगरीने वर बघितलं.

"असे आहेत होय तुझे डोळे! दोन मोसम झाले, मला तुझा नुसता भांग माहीत आहे." त्या हसल्या. "औषध बरोबर आहे. तुझे हात बरे झाले. पण वाट पाठ झाली म्हणून डोळ्यांना कामच उरलं नाही, ते झोपले. आता मात्रा वाढवायची नाही. दूध तापेपर्यंतच. फक्त घर बदला."

"घर? बाई, आमचं भाड्याचं..."

"अगं, घर नाही, घरातलं बदला!"

मग त्या घरात जे सुरू झालं, त्याला तोड नाही. रोज भिंगरी उठायच्या आत घरातली एखादी वस्तू जागा बदलायची. काय, कुठे, ते तिला कुणी सांगायचं नाही. बाबांना तर पर्वणीच मिळाली. आयुष्यभर दुसऱ्यांनी वाटेत उभ्या केलेल्या गाड्यांमधून बस काढलेला माणूस. आता अडथळे उभे करायची पाळी त्याची होती! ते खुर्च्या अशा तिरक्या लावायचे, की आपण बाजारातल्या चौकात आलो की काय असं वाटावं. "इथे मी एक रिक्षा उभी केलीय," ते बसायच्या वेताच्या मोढ्याकडे बोट दाखवून अभिमानाने सांगायचे. आणि मग संध्याकाळी थकून घरी आल्यावर त्याच रिक्षाला अडखळून त्यांचीच नडगी फुटायची.

"ही रिक्षा इथे कुणी ठेवली?" ते एका पायावर नाचत विचारायचे.

"मालकांनी," आई सुईत दोरा ओवत म्हणायची. "परवाना दाखवा म्हणावं."

आई आधी या प्रकाराच्या विरोधात होती. एका बाईचा झगा बोळातून हलवून न्हाणीत टांगला गेला, तेव्हा तर तिने घर डोक्यावर घेतलं. पण चार दिवसांनी तीच पहाटे कपड्यांची दांडी काढून तिरकी लावताना सापडली. "काही नाही, उजेड कुठून येतो ते बघत होते," असं म्हणाली, आणि लाजली.

पण सगळ्यांवर ताण केली आत्याने.

आत्या आजवर दिवा घेऊन फिरताना भिंगरी आली, की भिंतीशी सरकून उभी राहायची. आता ती सरकेनाशी झाली. पेटी कुठे आहे ते एकदा बघून घेता येतं, मोढा हलत नाही. पण आत्या चालती! तीही हातात पेटता दिवा घेऊन. चेंडू पायाला लागून आत्या दचकली आणि दिवा विझला तर? या विचाराने भिंगरीच्या अंगावर काटा यायचा. आणि आत्या तरी साधी कुठे! डावीकडच्या कोपऱ्याकडे बघायची आणि उजवीकडे वळायची. थांबली असं वाटेपर्यंत निघायची. चेहऱ्यावर तोच शांत भाव, ओठांत नामस्मरण.

"आत्या, तू मला फसवतेस!" भिंगरी कळवळून म्हणाली.

"मी? मी तर दिवा दाखवतेय गं."

"डावीकडे बघून उजवीकडे गेलीस!"

"देव काय एकाच बाजूला असतो?" आत्या हळूच म्हणाली आणि पुढच्या खोलीत गेली. जाताना पुन्हा फसवून गेली.

पहिले काही दिवस भयंकर गेले. वर बघितलं की चेंडू सुटायचा, खाली बघितलं की आत्या यायची. पूर्वी झोपेत जमणारं आता जागेपणी जमेना. एका सकाळी भिंगरी टेबलाला, मोढ्याला आणि बाबांना लागोपाठ धडकली. काठी फेकून ती म्हणाली, "मला आधी तरी येत होतं! आता तेही गेलं. बसते बाकावर, आणि सोडते कायमची."

आत्याने दिवा देवापुढे ठेवला, काठी उचलून आणली आणि तिच्यापुढे धरली. "सोडायचं असेल तर सोड. पण नेम दूध तापेपर्यंतचा आहे, आणि दूध अजून तापलं नाही. तेवढं कर. मग ठरव."

दूध तापेपर्यंत भिंगरीने चेंडू फिरवला. दूध वर आलं तेव्हा काय ठरवायचं होतं ते ती विसरून गेली होती.

आणि मग एका सकाळी, का कुणास ठाऊक, मान आपोआप वर राहिली. चेंडू हातांना कळत होता. डोळे मोकळे झाले होते. त्या डोळ्यांना घर दिसायला लागलं. खिडकीत ठेवलेलं रोप दिसलं, बाबांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण दिसलं, आत्याचा पाय पुढे पडायच्या आधी तिचा खांदा वळतो हे दिसलं. तिने खांदा बघितला आणि दुसऱ्या बाजूने सुळकन निघून गेली. ज्योत हललीसुद्धा नाही.

"अरेच्चा," आत्या म्हणाली. त्या घरात तिचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला.

निवडीचा दिवस आला. गोळीबाईंच्या संघात निवड करायची एक अजब रीत होती. निवड व्हायची ती घरच्यांविरुद्धच्या सामन्यात. एका बाजूला मुली, दुसऱ्या बाजूला त्यांचे आईबाप, काका, मावश्या, आजोबा, जो येईल तो. मैदानावर माणसांची मोजदाद नाही. चेंडू पायाला लागला तरी माफ. नव्या पालकांना हा पोरखेळ वाटायचा. गोळीबाई त्यांना सांगायच्या, "शिकलेली खेळाडू कुठे जाणार याचा अंदाज करता येतो. तुम्ही कुठे जाणार ते तुम्हालाही माहीत नसतं. अशा गर्दीत जिला वाट दिसेल, ती माझी."

दहा जागा जवळजवळ ठरलेल्याच होत्या. सगळ्यांना माहीत होतं, की भांडण एकाच जागेचं आहे, आणि त्या जागेवर कुंपणापलीकडच्या दोन चपळ मुलींचाही डोळा आहे.

सामना सुरू झाला आणि मैदानाची जत्रा झाली. दोरीचे आजोबा काठीच्या आधाराने चालता चालता त्याच काठीने चेंडू मारत होते. कुलुपाचे वडील बेकरीवाले. ते गोलात उभे राहिले आणि गोल दिसेनासाच झाला. बाबा मधोमध उभे राहून "आत सरका, मागे जागा आहे!" असं ओरडत कुणालाही कुठेही पाठवत होते. आई चेंडूपेक्षा मुलींच्या उसवलेल्या शिवणींकडेच जास्त बघत होती, एकीला तर तिने धावताना दंडाला धरून थांबवलं आणि म्हणाली, "संध्याकाळी घेऊन ये, दोन टाके घालून देते." हसून हसून मुलींच्या कुशीत कळा येत होत्या. दोन्हीकडे एक एक गोल झाला होता. एक बेकरीवाल्यांनी वाकून बुटातला खडा काढताना खाल्ला, आणि एक कुलुपाने, कारण समोरून तिची आजी "बाळ, जेवलीस का?" असं विचारत आली.

शेवटची काही मिनिटं उरली आणि चेंडू भिंगरीकडे आला.

समोर बाबा. लेकीला बघून त्यांचा जीव विरघळला. ते चक्क बाजूला झाले आणि "या, या, पुढे चला" म्हणाले. ती गेली. पुढे आई, आईची नजर तिच्या बाहीच्या शिवणीवर गेली तेवढ्यात ती तिथूनही निसटली. आणि मग आत्या.

आत्या काठी केरसुणीसारखी धरून उभी होती. ओठ हलत होते. कुणी काही म्हणो, ती बाजूला होणार नव्हती. लेकरासाठी म्हणून खोटं खेळणं तिच्या कुठल्याच नेमात बसत नव्हतं. तिने डावीकडे बघितलं.

म्हणजे ही उजवीकडे जाणार, भिंगरीच्या मनात आलं. पण मला ते माहीत आहे हे तिला माहीत आहे. म्हणजे ती डावीकडेच जाणार. पण हेही तिला... आत्याचा खांदा हलेना. आत्यालाही आता कळलं होतं, की पोरगी खांदा बघते.

भिंगरीने मान आणखी वर केली. आणि आत्याच्या मागे तिला सगळं मैदान दिसलं, एखादी खोली दिसावी तसं. कुलुपाचे वडील गोलाच्या एका बाजूला सरकलेले. आणि दुसऱ्या बाजूला, अगदी मोकळी, दोरी. एका पायावर उभी राहून सुटलेली नाडी बांधत होती.

विचार करायला वेळ नव्हता. गोल आपण मारला तर जागा आपली. चेंडू दोरीला दिला तर गोल दोरीचा, आणि दोरीची जागा तर ठरलेलीच होती. हे सगळं भिंगरीला लख्ख दिसलं. तरीही हातांनी चेंडू सोडला, कारण डोळ्यांनी मोकळी वाट बघितली होती आणि ती न बघितल्यासारखं करणं तिला जमलं नाही.

"दोरीऽ!"

चेंडू आत्याच्या काठीजवळून सपकन गेला. दोरीने मान वळवली, नाडी सोडली, काठी फिरवली. दुसरा पाय अजून हवेतच होता. चेंडू आत.

मग जो गलका उठला, त्यात दोरीचे आजोबा स्वतःच्या हरलेल्या बाजूच्या वतीने सगळ्यात मोठ्यांदा ओरडत होते. मुलींनी दोरीला उचललं. भिंगरीही उचलणाऱ्यांत होती, आणि खांद्यावर दोरीचा पाय असताना तिच्या मनात हिशोब सुरू झाला. आपण हातची संधी दिली. दिलीच की. आता काय.

गोळीबाईंनी सगळ्यांना गोल बसवलं. नावं घ्यायला लागल्या. एकेक नाव आलं, एकेक मुलगी किंचाळली. शेवटच्या नावापाशी त्या थांबल्या आणि आत्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. तुम्ही तिला अडवायला उभ्या होतात. कशी खेळली?"

आत्याने पदर नीट केला. "मला चकवून गेली असती तर मी खूश झाले असते," ती म्हणाली. आवाज इतका हळू, की मागच्यांना पुढे वाकावं लागलं. "पण ती मला चकवायलाच आली नाही. तिने मला बाजूला ठेवलं आणि पुढचं बघितलं. मी रोज दिवा घेऊन फिरते बाई, पण माझंसुद्धा लक्ष पुष्कळदा वाटेतल्या माणसातच अडकतं."

गोळीबाईंनी मान हलवली. "भिंगरी, अकरावी तू."

भिंगरी उठली, बसली, पुन्हा उठली. बाबांनी बसचा भोंगा तोंडानेच वाजवला. आई रडायला लागली आणि रडता रडता कुणाची तरी बाही चाचपत राहिली. कुलुपाने भिंगरीला मागून उचललं आणि गरागरा फिरवलं.

"थांब, थांब! खाली ठेव!" भिंगरी हवेतूनच ओरडली. "बाई! उजव्या कडेला ना?"

"उजव्या कडेला कशाला? कडेची मुलगी एकटी धावते. तू मधल्या फळीत. मधोमध. सगळ्यांना चेंडू पोचवायचा."

कुलुपाने तिला धपकन खाली सोडलं. भिंगरीचे डोळे विस्फारले. "मधोमध? पण बाई, मी जन्मात कधी मधे खेळले नाही!"

"कधी नाही?" गोळीबाईंनी तिच्या मागे उभ्या असलेल्या त्या मंडळींकडे बघितलं. बाबा अजून भोंगा वाजवत होते, आईच्या दातात कुणाच्यातरी सदऱ्याचा दोरा होता, आत्या कुणाच्याही नकळत डावीकडे बघत उजवीकडे सरकत होती. "मग इतके दिवस घरात या सगळ्यांच्या मधोमध कोण खेळत होतं?"

भिंगरीने वळून बघितलं. आणि तिला असं हसू फुटलं, की उत्तर द्यायचं राहूनच गेलं.